शुद्धीवरचा साक्षीदार

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



आकाशवाणीतून फोन आला तेव्हा मी विचारलं, "कवितेवर बोलू का?" अधिकारी म्हणाले, "कवितेवर सगळेच कवी बोलतात. तुम्ही जरा हलकंफुलकं बोला. क्रिकेट, गाणी, मित्रमंडळी, असं काहीतरी." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की माझ्या आयुष्यात क्रिकेट, गाणी आणि मित्रमंडळी या तिघांच्या मधोमध एक वस्तू कायम ठेवलेली असते. ती वस्तू म्हणजे बीअरची बाटली. ती आकाशवाणीवर आणावी की नाही, असा प्रश्न पडला. म्हणून पुन्हा फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "तुम्ही पिता?" म्हटलं, "नाही." "मग बोला," ते म्हणाले.

तर बोलतो. मी पीत नाही, पण गेली तीसेक वर्षं पिणाऱ्यांच्या शेजारी बसलो आहे. या विषयावर पिणाऱ्यांनी पुष्कळ सांगितलंय, सोडलेल्यांनीही सांगितलंय. शेजारी बसणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. खरं तर सगळं नीट आठवत असतं ते त्यालाच.

मिरजेत आमचा चौघांचा अड्डा आहे. एक मास्तर. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त झालेत. वयानं आमच्यापेक्षा मोठे, म्हणून त्यांना तेवढं अहो-जाहो. दुसरा औषधाच्या दुकानाचा मालक, त्याला आम्ही 'मेडिकल' म्हणतो. तिसरा वकील. चौथा मी. मला ते 'शायर' म्हणतात. मी लिहितो मराठीत, पण नाव मुसलमानाचं आणि धंदा कवितेचा म्हटल्यावर शायर हेच बरं पडतं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बसायची जागा म्हणजे मेडिकलची गच्ची. वर पत्र्याची शेड, कोपऱ्यात टीव्ही, खाली चटई. पुढे पुढे गुडघे बोलायला लागले तशा खुर्च्या आल्या.

सुरुवातीला प्रत्येक नव्या माणसासमोर माझी चौकशी व्हायची. "कवी असून पीत नाही?" लोकांना वाटतं, कवी म्हणजे पिणारच. उर्दूत रियाज़ खैराबादी नावाचे मोठे शायर होऊन गेले. मद्यावरची त्यांची शायरी मशहूर आहे, आणि त्यांनी आयुष्यात थेंबही चाखला नव्हता असं सांगतात. 'मधुशाला' १९३५ साली आली. तिचे कवी हरिवंशराय बच्चन, तेही न पिणारेच. दुसऱ्या टोकाला सुमेरियन लोक. त्यांची निंकासी नावाची बीअरची देवता होती. सुमारे १८०० ख्रिस्तपूर्व काळातल्या मातीच्या पाट्यांवर तिचं एक स्तोत्र मिळालं आहे आणि त्या स्तोत्रात बीअर कशी करायची याची कृती आहे. म्हणजे बीअर गाळणाऱ्यांनी कविता केली आणि न पिणाऱ्यांनीही केली. मी आपला दुसऱ्या रांगेतला.

माझ्या न पिण्यात माझं कर्तृत्व काही नाही. धर्मात मनाई आहे हे खरं, पण ती मनाई बाजूला ठेवणारे माझ्या ओळखीत आहेतच. आमच्या घरात तो पदार्थ कधी आला नाही, एवढंच. कॉलेजात असताना मित्राच्या ग्लासाचा एकदा वास घेतला. रात्रभर झाकून ठेवलेल्या पिठाचा येतो तसा आंबूस वास. तेव्हाच वाटलं, याच्यासाठी आईचा डोळा चुकवण्यात अर्थ नाही. कुणी याला संयम म्हणालं की मला ओशाळल्यासारखं होतं. ज्याला गोड आवडत नाही त्यानं जिलेबी सोडली, तर त्याचं कौतुक काय करायचं?

अड्ड्यावर माझी दोन कामं ठरलेली. पहिलं, चकणा संपवणं. खारे शेंगदाणे, मसाला पापड, उकडलेली अंडी. त्यांचे हात ग्लासात गुंतलेले, माझे मोकळे. वकील म्हणायचा, "बीअरचा खर्च तिघांत आणि चकण्याचा खर्च एकट्या शायरकडून घ्या." दुसरं काम ओतण्याचं. हे काम मी हौसेनं शिकलो. ग्लास तिरका धरायचा, बाटलीचं तोंड काठाला टेकवायचं, धार आतल्या भिंतीवरून सोडायची आणि शेवटी ग्लास सरळ करायचा. वर बोटभर फेस राहतो. गडबड केली की निम्मा ग्लास नुसता फेस. मास्तर सांगायचे, तो कार्बन डायऑक्साइड वायू आहे, त्याला घाई चालत नाही. उर्दू शायरीतल्या साकीचं काम तरी दुसरं काय असतं? मी मनातल्या मनात स्वतःला साकी म्हणून घ्यायचो. हे काम मी फार आवडीनं केलं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता क्रिकेट. २५ जून १९८३ ला कपिल देवच्या संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. भारताच्या धावा १८३, वेस्ट इंडीज १४० वर गारद. आमच्या घरी टीव्ही नव्हता. जे काही पाहिलं ते रेडिओला कान लावून. त्याच्या आठवडाभर आधी, १८ जूनला, टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७ होता आणि कपिलनं नाबाद १७५ केल्या. त्या खेळीचं चित्रीकरणच उपलब्ध नाही. पण आमचे मास्तर ती खेळी अशी सांगतात, की कुठला षटकार कुठल्या झाडाच्या दिशेनं गेला तेही हातवारे करून दाखवतात. वकील त्यांची उलटतपासणी घ्यायचा. "साक्षीदार घटनास्थळी हजर होता काय?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "हजर नव्हतो म्हणूनच नीट दिसलं."

ज्यांनी बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकलंय त्यांना हे पटेल. मैदानावर नसताना मैदान दिसणं ही कानांची विद्या आहे. बुधवारी रात्री 'बिनाका गीतमाला' लागायची तेव्हाही तसंच. अमीन सायानी 'बहनो और भाइयो' म्हणाले की गल्लीतल्या चार घरांत एकाच वेळी आवाज वाढायचा. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, यावर पोरांची भांडणं व्हायची, पैजा लागायच्या. आमच्यापैकी कुणालाही गाता येत नव्हतं. खेळणारे वेगळे, गाणारे वेगळे, आम्ही शेजारी बसलेले. पण आमच्याशिवाय त्यांचं तरी चाललं असतं का?

मिरजेच्या माणसानं गाण्याचा विषय काढला आणि तंबोऱ्यापर्यंत गेला नाही, असं होत नाही. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले भोपळे येतात, ते कापून, कोरून, त्यांना लाकडी दांडी बसवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लहानपणी शाळेतून येताना त्या दुकानांपुढे मी रेंगाळायचो. कारागीर तारेखालची घोडी कानसेनं हलक्या हातानं घासायचा, तार छेडायचा, पुन्हा घासायचा. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा आणि एका ठरावीक जागी आला की साधी टणटण करणारी तार एकदम गुंजायला लागायची. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. सबंध सकाळ त्या एका दोऱ्याच्या जागेसाठी जायची.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. रात्रभर चालतं. लहानपणी वडिलांबरोबर जायचो. गाणं मला कळत नव्हतं, म्हणून मी मागे तंबोरा घेऊन बसलेल्या माणसाकडे बघत बसायचो. चार तारा. पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज. तो माणूस तान घेत नाही, त्याला टाळ्या नाहीत, निवेदकानं त्याचं नाव घेतलं तर घेतलं. पण तो थांबला तर गवयाच्या पायाखालची जमीनच जाते. वडिलांना एकदा विचारलं, "तो काय करतोय?" वडील म्हणाले, "तो सूर धरून बसलाय." बराच मोठा झाल्यावर मला वाटलं, अड्ड्यावर मी तेच करतोय. तिघं वर-खाली जातात, मी सूर धरून बसतो. या उपमेवर मी अनेक वर्षं खूष होतो.

गच्चीवरच्या रात्री खरोखर सुंदर होत्या. एप्रिल १९९८. शारजात सचिननं २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला, म्हणजे स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ धावा केल्या, समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्या दिवशी मधेच वाळूचं वादळ आलं, खेळाडू मैदानावर आडवे झाले. आमच्या गच्चीवर वकील त्यांच्याकडे बघून आडवा झाला आणि ग्लास मात्र सरळ धरून ठेवला. त्या रात्री सामना संपल्यावर आमचा 'ऑर्केस्ट्रा' जन्माला आला. 'शोले' १९७५ चा. त्यातल्या 'मेहबूबा मेहबूबा' या गाण्यासाठी राहुल देव बर्मन यांनी बीअरच्या बाटल्यांमध्ये फुंकर मारून सूर काढले होते, ही गोष्ट मेडिकलनं कुठेतरी वाचली होती. झालं, लगेच प्रयोग. मास्तरांनी विज्ञान सांगितलं. बाटलीत पातळी जितकी वर तितकी हवेची पोकळी लहान आणि सूर चढा, बाटली जितकी रिकामी तितका सूर खर्जातला. मग प्रत्येकानं आपापला सूर ठरवून तेवढंच प्यायचं! मी माझ्या सोड्याच्या बाटलीत फुंकली. तीही वाजली. आत काय होतं याच्याशी सुराला देणंघेणं नव्हतं, किती रिकामी आहे एवढंच महत्त्वाचं. चौघांत बेसूर मात्र मीच निघालो. तंबोऱ्याची उपमा तिथेच सोडायला हवी होती.

श्रोतेहो, इथपर्यंतची गोष्ट मी कवी-संमेलनांत सांगतो आणि लोक हसतात. पुढची सांगत नाही. आज सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात बारवर 'परमिट रूम' अशी पाटी असते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात प्यायला परवाना लागतो, त्यावरून ते नाव आलं. त्या पाटीवरून वकील नेहमी विनोद करायचा, "परवाना फक्त सरकार देतं असं नाही. बायको देते, डॉक्टर देतो, मित्र देतात." हसता हसता आम्ही त्याला परवाना देत गेलो. आधी महिन्यातून एक सामना, मग दर रविवार. २३ मार्च २००३, जोहान्सबर्गची अंतिम फेरी, रिकी पाँटिंग नाबाद १४०. आपण हरलो. त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आज साध्या बीअरनं भागणार नाही, स्ट्राँग आणा. त्यानंतर गच्चीवर साधी बीअर आलीच नाही.

"बीअर म्हणजे काय दारू आहे का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतही म्हणेन. यावर मेडिकलनं एकदा कागदावर हिशेब मांडला होता. आपल्याकडच्या स्ट्राँग बीअरमध्ये अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत असतं. मोठी बाटली ६५० मिलिलीटरची. म्हणजे एका बाटलीत ५२ मिलिलीटरपर्यंत अल्कोहोल. व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असतं, ६० मिलिलीटरच्या मोठ्या पेगात साधारण २६ मिलिलीटर. म्हणजे एक स्ट्राँग बाटली जवळजवळ दोन मोठ्या पेगांइतकी. मेडिकलनं कागद वकिलापुढे धरला. वकिलानं तो वाचला, घडी घातली आणि त्यावर शेंगदाण्याची टरफलं ठेवली. सगळे हसले. मीही हसलो.

मग २०२० साल आलं. कोर्टाचं काम जवळपास बंद पडलं, वकील घरी. मे महिन्यात दुकानं उघडली तेव्हा रांगा लागल्या होत्या, त्या रांगेचा फोटो त्यानंच आम्हाला पाठवला होता, स्वतःच्या चेहऱ्यासकट. रविवारचं रोजचं झालं. गच्ची पुन्हा सुरू झाली तेव्हा तो येतानाच थोडा घेऊन यायला लागला. हे बाकी दोघांना कळलं नाही, कारण दुसऱ्या ग्लासानंतर त्यांचं लक्ष उडायचं. मला कळलं. मी मोजत होतो. हाताला हलका कंप होता, तो ग्लास पुढे करायचा तेव्हा मला दिसायचा, कारण ओतणारा मीच. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादची अंतिम फेरी आपण हरलो. त्या रात्री त्यानं तीन बाटल्या घेतल्या. मी त्याला स्कूटरवर मागे बसवून घरी सोडलं. दार वहिनींनी उघडलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही असता म्हणून मला काळजी नसते." ते वाक्य घेऊन मी जिना उतरलो. खरं सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही.

२०२४ च्या सुरुवातीला त्याच्या पायाचा अंगठा सुजला, रात्री चादरीचा स्पर्शही सोसवेना. युरिक ॲसिड वाढलं होतं. बीअरनं ते वाढतं. तपासण्या केल्या तेव्हा यकृताचंही निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे एक थेंबही नाही. इतकी वर्षं रोजची सवय असलेल्या माणसानं एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून काही दिवस दवाखान्यात ठेवून, औषधांच्या आधारानं त्याची सोडवली. त्यानं सोडली. माणूस जिद्दीचा, वकीलच तो. पण दारूबरोबर त्यानं गच्चीही सोडली.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला. सूर्यकुमार यादवनं सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा आम्ही तिघं उभे राहिलो आणि चौथ्या खुर्चीकडे बघून बसलो. फोन केला. तो उचलला, "पाहिलं, पाहिलं" म्हणाला आणि ठेवला. असं सात-आठ महिने चाललं. मास्तरांनी सुचवलं, आपण सगळेच बंद करू. त्याला कळल्यावर तो चिडला. "माझ्यासाठी सुतक पाळू नका."

शेवटी एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि आत गेल्या. मी विचारलं, "येत का नाहीस?" बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "शायर, तुमच्यात बसायचं म्हटलं की हात रिकामा वाटतो. हाताचं काय करायचं तेच कळत नाही." मी म्हटलं, "तीस वर्षं माझा हात रिकामाच होता की." तो म्हणाला, "तुझं वेगळं. तुझ्या हातात कधी नव्हताच. माझ्या हातातून काढून घेतलाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्दांवर जगणारा माणूस मी, गप्प बसून राहिलो. मग जे बरेच दिवस घशात अडकलं होतं ते विचारलं. "मी मोजत होतो. मला दिसत होतं. मी बोलायला हवं होतं का?"

तो हसला. म्हणाला, "साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं." मग हसू गेलं. "पण तू बोलायला हवं होतंस. मी ऐकलं नसतं. तुला शिव्या घातल्या असत्या, कदाचित म्हणालो असतो, तू पीत नाहीस, तुला काय कळतंय. तरी बोलायला हवं होतंस."

श्रोतेहो, मी का बोललो नाही याचा मी नंतर खूप विचार केला. वाटायचं, मी न पिणारा, मी बोललो तर उपदेश वाटेल. त्यात मी मुसलमान, म्हणजे तो उपदेश धर्माचा वाटेल. अड्ड्यानं मला कधी आग्रह केला नाही, ग्लास पुढे सरकवला नाही, त्या बदल्यात मीही त्यांना टोकायचं नाही, असा एक न बोललेला करार होता. या करारात मी खूष होतो. चांगला म्हणवून घ्यायची मला चटक होती. तंबोरेवाल्याची उपमा मला आवडायची, पण तंबोरा धरणाऱ्याचंही एक काम असतं, ते मी सोयीनं विसरलो. तार उतरली तर ती तिथल्या तिथे खुंटी पिळून चढवावी लागते. उतरलेल्या तारेवर नुसतं बोट फिरवत बसणं याला सूर धरणं म्हणत नाहीत.

आता शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

९ मार्च २०२५. रविवार. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम फेरी, समोर न्यूझीलंड. रमजान चालू होता. रमजानमध्ये गच्ची कोरडी असते, हा नियम मास्तरांनी फार पूर्वी घालून दिलाय. माझ्या रोज्याचा मान म्हणून. सामना दुपारी अडीचला सुरू झाला. तासाभरानं जिन्यावर पावलं वाजली. वकील. अंगावर इस्त्रीचा सदरा, चेहरा उतरलेला, पण उभा ताठ. कुणी काही बोललं नाही. मेडिकलनं चौथी खुर्ची पुढे ओढली. वकील माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "आज तुझ्याही हातात काही नाही. म्हटलं, आज जमेल."

त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी म्हटलं, "अरे, तू पी, मला काही होत नाही." तो म्हणाला, "बघू तरी, तुला कसं जमतं ते." न्यूझीलंडच्या २५१ झाल्या. फिरकीनं त्यांना बांधून ठेवलं होतं, षटकामागून षटकं निघत होती आणि वकिलाचे हात कधी गुडघ्यावर, कधी खुर्चीच्या दांडीवर. मग मी त्याला माझी विद्या दिली. म्हटलं, "शेंगदाणे सोल. खायचे नाहीत. नुसते सोलून वाटीत टाक. हाताला काम." तो सोलत बसला. पावणेसातच्या सुमारास रोजा सोडायची वेळ झाली. मी खजुराची डबी उघडली, पहिला खजूर त्याच्यापुढे धरला. आम्ही दोघांनी बरोबरच पाणी प्यायलं. "बाप रे," तो म्हणाला, "पाण्याला चव असते!" मेडिकलच्या घरून गरम भजी आली, कलिंगड आलं. आतल्या खोलीत नमाज पढून मी बाहेर आलो तर सोललेल्या शेंगदाण्यांची वाटी माझ्या खुर्चीवर ठेवलेली होती. काठोकाठ.

रोहित शर्मानं ७६ केल्या. मधे गडी पडले, मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना न बघताच नीट दिसतं, हे तुम्हाला माहीतच आहे. शेवटी रवींद्र जडेजानं चौकार मारला आणि एक षटक शिल्लक ठेवून आपण चार गडी राखून जिंकलो. खाली गल्लीत फटाके. मेडिकलनं लेमन सोड्याच्या चार बाटल्या उघडल्या. वकिलानं आपली निम्मी संपवली, बाटलीकडे बघितलं आणि ओठाला लावून फुंकर मारली. बाटली वाजली. मास्तरांनी लगेच एक घोट घेऊन आपला सूर खाली उतरवला, मेडिकलनं मधला धरला. मीही फुंकली.

"शायर," वकील म्हणाला, "तू अजून बेसूरच आहेस."

म्हटलं, "आता तरी सांगितलंस. इतकी वर्षं गप्प का होतास?"

रात्री त्याला सोडायला निघालो. स्कूटरवर तो मागे बसला. या वेळी मला आधार द्यावा लागला नाही. दार वहिनींनीच उघडलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आत वळल्या. जिना उतरताना वरून त्याचा आवाज आला, "पुढच्या रविवारी सोडा मी आणतो. शेंगदाणे तू आण. सोललेले नकोत."